हौदातला मोगरा

आपल्याकडे नुसतं 'वास येतो' म्हटलं की समोरचा माणूस नाकाला रुमाल लावतो. कसला वास, हे कुणी विचारत नाही. चांगला असेल तर तो सुगंध, दरवळ, घमघमाट. नुसता वास म्हणजे घाणच. एकोणतीस वर्षं याच समजुतीवर माझं घर चाललं, त्यामुळे तक्रार करायचा मला अधिकार नाही. तरी करते.

शनिवार पेठेत सुगंधी द्रव्यांचं एक दुकान होतं. पुढच्या बाजूला अष्टगंध, उदबत्त्या, अत्तराच्या बाटल्या आणि मालक; मागच्या खोलीत मी. रसायनशास्त्राची पदवी, पांढरा डगला आणि नाक, एवढं माझं भांडवल. उदबत्तीवाले, फिनेलवाले, साबणवाले आमच्याकडून 'कंपाउंड' न्यायचे, म्हणजे त्यांच्या मालात घालायचा तयार वास. मोगरा हवा असेल तर आम्ही मोगऱ्याच्या फुलाकडे ढुंकूनही बघत नसू. सहा-सात बाटल्यांतून थेंब थेंब घेऊन मोगरा बनवायचा, आणि तो टिकावा म्हणून शेवटी त्यात कस्तुरी घालायची. हरणाची नव्हे. कारखान्यात बनलेलं, मधासारखं घट्ट तेल असतं ते. धंद्यात त्याला कस्तुरीच म्हणतात. बाकीचे वास उडून जातात, कस्तुरी जात नाही आणि उडणाऱ्यांनाही धरून ठेवते.

मी या कामात चांगली होते. हे नम्रपणे सांगता येत नाही, कारण ते खरं आहे. बंद बाटलीच्या झाकणावरून मी आतला माल कुठल्या कारखान्याचा ते ओळखत असे. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाईंचा वास टिकतो." शेवटच्या काही वर्षांत तर फारच म्हणायची. मला वाटायचं, हात बसला आता.

निवृत्त झाले आणि बिबवेवाडीतल्या या सोसायटीत राहायला आले. सोसायटीला दोन गोष्टींचा अभिमान. एक म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आणि दुसरी म्हणजे त्या शुद्ध झालेल्या पाण्यावर चालणारा कारंज्याचा हौद. हौदात गप्पी मासे होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून सोडलेले. पण आमच्या सेक्रेटरींनी त्यांना वेगळंच काम दिलं होतं. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी कठड्यावर पाटी लावली होती: "हे पाणी शुद्ध आहे. पुरावा पोहत आहे." माणूस कडू, पण पाटी मला आवडली होती.

प्लांट चालवणारे गृहस्थ यवतमाळकडचे. पन्नाशीच्या आतबाहेरचे, किडकिडीत, येरवड्याहून रोज दोन बस बदलून येणारे. सगळे त्यांना 'प्लांटवाले' म्हणायचे, मीही तसंच म्हणायला लागले. तळघराच्या त्या कोंदट खोलीत कुणी स्वतःहून जात नसे. मी गेले, कारण वास हा माझा विषय. आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की आपली तोडीस तोड माणसाशी गाठ पडली आहे.

घराघरातलं पाणी ज्या टाकीत येऊन पडतं तिच्या तोंडाशी ते उभे राहायचे आणि सांगायचे, "आता साडेदहा झाले असतीन, ताई. कपड्याचा सेंट येऊन राहिला." घड्याळात साडेदहाच असायचे. साडेदहाला सगळ्या मशिनींमधून कपडे मऊ करणारं ते निळं औषध बाहेर पडायचं. दिवाळीच्या पहाटे उटण्याचा आणि चंदनी साबणाचा वास, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी फिनेल, लग्नसराईत शाम्पू. चारशे माणसांची दिनचर्या त्यांना नाकाने पाठ होती.

"आणि बाहेर पडताना? शुद्ध झाल्यावर?" मी एकदा विचारलं.

"घाण जाते, ताई. सेंट पुरा जात नाही. थोडा राहतेच."

मी हसले. म्हटलं, बरंच आहे की, फुकटचं अत्तर. ते हसले नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका हौदाभोवती जमल्या आणि दोघीतिघींनी नाक मुरडलं. पाण्याला वास येतो. येत होताच थोडा. शेवाळाचा, ओल्या मातीचा, कुठल्याही हौदाला येतो तसा. पण हे पाणी कुठून आलंय हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तो वास मातीचा असू शकतो यावर कुणाचा विश्वास बसेना. सेक्रेटरी माझ्या दारात आले.

"मॅडम, आपण इतकी वर्षं पुण्याची फिनेलं सुगंधी केलीत. आमच्या हौदाकडेही कृपादृष्टी व्हावी."

मला काय पाहिजे होतं! निवृत्त बाईला कुणी तिच्या कामावरून हाक मारली की ती गुडघेदुखी विसरते. मी जुन्या ओळखीने बाटल्या आणल्या आणि गच्चीवरच्या टेबलावर मोगरा बांधला. पाण्यात तेल मिसळत नाही, म्हणून त्यात साबणाच्या जातीचं एक द्रव्य घातलं. दर सोमवारी मोजपात्र घेऊन हौदावर जायचे आणि कारंज्याच्या तोंडाशी ओतायचे. पहिल्या सोमवारी तळमजल्यावरच्या एक आजी खुर्ची घेऊन हौदापाशी येऊन बसल्या. मला लग्नात मिळालं नाही तेवढं कौतुक त्या आठवड्यात मिळालं.

प्लांटवाले तेवढे लांब उभे होते. म्हणाले, "ताई, मासे आहेत त्याच्यात."

"मोगरा आहे हो, विष नाही," मी म्हणाले.

गुरुवारपर्यंत मोगरा उडून जायचा. वरच्या मजल्यांवरून निरोप यायचे, सुगंध टिकत नाही. हे वाक्य मी आयुष्यात ऐकून घेतलेलं नाही. मी कस्तुरी वाढवली. पुढच्या आठवड्यात अजून थोडी. मिश्रण नाकाशी धरायचे, मला मोगराच यायचा, खालची कस्तुरीची बैठक काही लागायची नाही, की अजून दोन थेंब. हौदाचं पाणी कारंज्यातून फिरून पुन्हा हौदातच यायचं. उन्हाने उडेल तेवढी भर प्लांटमधून पडायची. म्हणजे मी जे ओतत होते ते कुठेच जात नव्हतं. शाळेतल्या मुलीलाही हे कळलं असतं. मला कळलं नाही, कारण माझं सगळं लक्ष कौतुकाकडे होतं.

मार्चमध्ये हौदात पिल्लं दिसेनाशी झाली. गप्पीची पिल्लं नाहीत म्हणजे विचित्रच, त्यांना दुसरा उद्योग नसतो. मग मोठे मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करायला लागले. खाणं टाकलं तर नाकासमोरून जाऊ द्यायचे. एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी पाचसहा उलटे तरंगताना दिसले, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. पाटी तशीच होती. पुरावा पोहत नव्हता.

लिफ्टमध्ये नोटीस लागली: "हौदातील मासे मृत्युमुखी पडत आहेत. संबंधितांनी पाण्यात क्लोरीन टाकताना सोबत डोकेही वापरावे. रविवारच्या सभेत प्लांटचालक बदलण्याचा विषय घेण्यात येईल."

मलाही ते पटलं होतं, हे मी लपवत नाही. क्लोरीन जास्त झालं की मासे मरतात, हे कुणालाही माहीत असतं. मी तावातावाने तळघरात गेले. चार शब्द सुनवायचे आणि मग सभेत थोडी रदबदली करायची, असा माझा उदार बेत होता.

प्लांटवाल्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं. मग काचेच्या नळीत हौदाचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी माझ्यापुढे धरली. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं झालं असतं. ते साधं पाणीच राहिलं.

"रोज पाहतो, ताई. मी त्याइले माह्या हातानं दाणे टाकले. मी कायले मारीन?"

मग नळी धुता धुता म्हणाले, "ठेकेदार म्हणते, सभेत नाव गेलं तर दुसऱ्या साइटवर बी घेणार नाही. मोठी पोरगी बारावीले आहे. आता कुठं पुण्यात पाय टेकला होता."

त्यांनी जाळीवर ठेवलेला एक मेलेला मासा उचलला, तळहातावर घेतला आणि माझ्या नाकाशी आणला.

"याचा वास घ्या बरं."

मी घेतला. "मासा आहे. मेलेल्या माशाचा वास."

"नाही जी. नीट घ्या."

मी पुन्हा घेतला. मासाच.

"पावडरीचा येते ना ताई! लहान लेकराच्या पावडरीचा. मेल्यावर माशाले माशाचा वास यायले पाहिजे का नाही? दहा दिवस झाले, मेलेल्या सगळ्याइले पावडरीचाच येते."

लहान बाळाच्या पावडरीचा वास कशाचा असतो हे पुण्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. तो कस्तुरीचा असतो.

मी घरी आले, कपाटातून कस्तुरीची बाटली काढली आणि झाकण उघडून थेट नाकाला लावली. काही नाही. कोरं पाणी हुंगावं तसं. दुसरी बाटली, दुसऱ्या कारखान्याची. तीही कोरी. गुलाब यायचा, मोगरा यायचा, लिंबू यायचं, फक्त कस्तुरी नाही. काहींना एखादी कस्तुरी जन्मापासून लागत नाही, काहींचं नाक सवयीने तिच्यापुरतं बसतं, हे मी नव्या मुलींना शिकवत असे. माझं नाक कधी बसलं ते मला माहीत नाही. पण 'बाईंचा वास टिकतो' असं गिऱ्हाइकं फारच म्हणायला लागली ती शेवटची वर्षं मी बोटांवर मोजली. इतकी वर्षं मी 'अजून दोन थेंब' म्हणत होते. ते थेंब फरशीवरून मोरीत गेले होते, मोरीतून मुठेत. कौतुक माझ्याकडे आलं होतं.

पण मी लगेच छाती पिटणारी बाई नाही. आधी खात्री. गच्चीत दोन बादल्या ठेवल्या, दोन्हीत दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी. बाजारातून गप्पी आणले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. एका बादलीत हौदाच्या हिशेबाने माझं मिश्रण. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या बादलीतल्या माशांनी दाण्यावर झडप घातली. मोगऱ्याच्या बादलीतले कडेला डोकं लावून वर तोंड करून होते. दाणा त्यांच्या समोरून तळाला गेला. मी त्यांना तिथेच सोडून पुढचं बघत बसले नाही. काढून साध्या पाण्यात टाकले. त्यातले दोन वाचले.

दोन दिवस मिळेल ते वाचलं. जे नाकाने कधी शिकवलं नाही ते वाचनाने शिकवलं. पाण्यात वास म्हणजे चैन नसते. मासा बराचसा वासावर जगतो. खाणं कुठे, जोडीदार कुठे, धोका कुठे, हे त्याला पाणी सांगतं. त्या पाण्यात आपण मोगरा ओतायचा म्हणजे माणूस बोलत असताना त्याच्या कानाशी बँड लावायचा. आणि कस्तुरीसारखी द्रव्यं सहज मोडत नाहीत, पाण्यापेक्षा चरबीत रमतात. गाळात बसतात, माशाच्या अंगात बसतात. शिंपल्यांच्या पेशी आत आलेलं विष उपसून बाहेर टाकत असतात, त्या उपशालाच काही कस्तुऱ्या अडवतात, असंही वाचलं. माझे मासे नेमके कशाने मेले, कस्तुरीने, मोगऱ्यातल्या कुठल्या थेंबाने, की तेल विरघळवायला घातलेल्या साबणाने त्यांचे कल्ले जळले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोन बादल्यांवर एवढंच कळतं. पण ते प्लांटवाल्यांच्या क्लोरीनने मेले नाहीत आणि माझ्या मोजपात्राने मेले, हे मात्र छातीठोकपणे सांगते.

रविवारी सभा पार्किंगमध्ये भरली. प्लांटवाले खांबाशी उभे. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. मी माझ्या शेजारी एक रिकामी ओढली, पण ते बसले नाहीत. त्यांचा विषय आला तेव्हा मी उठले आणि सांगितलं की मासे मी मारले.

लोक हसले. खरंच हसले. सेक्रेटरींनी चष्मा पुसला.

"मॅडम, आपला दिलदारपणा वाखाणण्याजोगा आहे. पण सुगंधाने कुणी मेल्याचं आपल्या पाहण्यात आहे काय?"

"माणूस नाही," मी म्हणाले. "माणूस दोन मिनिटांनी खोलीबाहेर जातो. मासा कुठे जाणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, फुलांचाच तर वास होता." हीच ती चूक. जे छान लागतं ते स्वच्छ, आणि जे स्वच्छ ते निरुपद्रवी. या पायावर माझा सगळा धंदा उभा होता. भाषण करून हे कुणाला पटत नाही, ते मला ठाऊक होतं. मी पिशवीतून माझ्या जुन्या गंधपट्ट्या काढल्या, अत्तर हुंगायला वापरतात त्या कागदाच्या लांब पट्ट्या. एका झाकणाच्या डबीत प्लांटवाल्यांनी त्याच सकाळी हौदातून काढून दिलेले मेलेले मासे होते. एकेक पट्टी माशाच्या पोटावरून घासली आणि लोकांच्या हातात दिली.

"कशाचा वास येतो, एवढंच सांगा."

पहिली पट्टी तळमजल्यावरच्या आजींकडे गेली, हौदापाशी खुर्ची टाकून बसणाऱ्या. त्यांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले.

"बाळाचा," त्या म्हणाल्या. "न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचा."

मग त्यांनी डोळे उघडले, आणि पट्टी कशावर घासली होती ते त्यांना आठवलं. त्यांनी ती मांडीवर ठेवली नाही, खालीही टाकली नाही; तशीच हातात लांब धरून बसल्या. पट्ट्या फिरत राहिल्या. कुणी पावडर म्हणालं, कुणी इस्त्रीचे कपडे, कुणी नव्या टॉवेलचा वास. मासा कुणीच म्हणालं नाही. सेक्रेटरींनी सगळ्यांत शेवटी हुंगली, चष्मा काढून पुन्हा हुंगली.

"आपल्याला काय येतो, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"मासा," मी म्हणाले. "मला कस्तुरी लागत नाही. किती वर्षं लागत नाही, तेही माहीत नाही. म्हणून ओतत गेले."

पंचवीस-तीस माणसांसमोर हे बोलताना मला लाज वाटली. मोठी वाटली. नाकाच्या जिवावर जगलेल्या बाईने नाक नाही म्हणून सांगायचं, हे सोपं नसतं. पण खांबाशी उभ्या माणसाकडे बघितलं आणि बोलत राहिले. मग मी म्हणाले, की ज्यांना खरं नाक आहे ते तिकडे उभे आहेत, आणि त्यांनी पहिल्याच सोमवारी मला सांगितलं होतं.

विषय मागे घेतला गेला. सेक्रेटरींनी तसं शुद्ध मराठीत नोंदवून घेतलं, आणि मग, मुख्याध्यापकच ते, प्लांटवाल्यांकडे वळून म्हणाले, "बसा. आपल्याला उभं ठेवलं ही आमची चूक झाली." ते बसले. मी ओढलेल्या खुर्चीवर.

हौद रिकामा केला. तळाचा गाळ बादल्यांनी काढून वाळवला आणि बागेत न टाकता कचरागाडीत दिला. त्यावरही वाद झाला, तो मी जिंकला. सोसायटीतली निळी औषधं काही बंद झाली नाहीत. चार घरांनी सोडली, त्यातलं एक सेक्रेटरींचं. साडेदहाला टाकीशी काय येतं ते प्लांटवाले अजून रोज सांगतात. पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिलंय: "या पाण्याला पाण्याचा वास येतो. सवय करून घ्यावी."

नवे गप्पी प्लांटवाल्यांनी येरवड्याहून डब्यात घालून, मांडीवर घेऊन, दोन बस बदलत आणले. परवा त्यांनी मला हाक मारली. कठड्याच्या सावलीत टाचणीच्या डोक्याएवढे डोळे हलत होते. पिल्लं. दहाबारा तरी. मला इतका आनंद झाला की मी त्या ओल्या कठड्यावर साडीसकट बसले आणि पाण्याचा वास घेतला. शेवाळ, माती, उन्हाने तापलेला दगड.

"वास येतो," मी म्हणाले.

"चांगला येते," ते म्हणाले.

मग मी विचारलं, पावडरीचा? त्यांनी हात कोपरापर्यंत बुडवला, तळाची चिमूटभर माती बोटावर घेतली आणि डोळे मिटून हुंगली.

"आहे अजून. थोडासा. खाली."

"गेला की सांगाल मला?"

"सांगतो ना, ताई," ते बोटं धूत म्हणाले. "तुमाले थोडीच कळणार आहे."